गाडी कोण चालवत होतं

अनुजा आणि ईशान,

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक जुना फोटो आला. कालव्याच्या उतारावर उलटी पडलेली पिकअप, चाकं वर, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, ‘उलटी मैना’. तुम्ही दोघांनी त्यावर हसरे चेहरे पाठवलेत. तुम्हाला मी दोष देत नाही. तुमच्या आजोबांच्या बहिणीने, म्हणजे मैनाआजीने, गाडी उलटवली आणि कोकरं मारली, हीच गोष्ट तुमच्या कानावर आलेली आहे. पण ती खरी नाही, आणि मैनाआजी आता थकली आहे. म्हणून लिहायचं ते आत्ताच.

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी विचारावं, एवढं तरी मुलांना सांगत आले. म्हणून बस धरून कुंभार पिंपळगावला गेले आणि तिच्या ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. शब्द तिचे आहेत. राग तिचा आहे, तो मी कमी केलेला नाही. ती ‘वैनी’ म्हणते ती मी.

लिहा वैनी, पन जसं सांगते तसं लिहा, त्याला गोड करू नका. माझा जन्म मेंढराच्या वाड्यावरचा. वाडा म्हंजी घर न्हवं, ते तुमच्या नातवंडांला सांगा, वाडा म्हंजी जिथं मेंढरं बसली तो तळ, आज या रानात, उद्या त्या रानात. शेतकरी बोलवायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा, लेंडीचं खत व्हतं म्हनून. तुमचे मालक, माझा भाऊ, हुशार निघाला म्हनून त्याला बोर्डिंगात घातलं. मी काय ढ व्हते का? मला कोनी इचारलंच न्हाई. मला घोड्यामागं लावलं.

घोडं लादायचं काम आमच्यात बायांचं. गडी मेंढरं घेऊन पुढं जातो, बाई बिऱ्हाड आवरती अन् घोड्यावर घालती. पीठ, भांडे, वाघरी, कोकरं, लेकरू, सगळं. वाघूर म्हंजी रातच्याला मेंढरं कोंडायची जाळी. माझी माय सांगायची, डाव्या अंगाला जेवढं, उजव्या अंगाला तेवढंच, बराबर, अन् देवाची पेटी सगळ्यात वर, देवाच्या वर काहीच न्हाई ठेवायचं. चुकलं तर घोडं सांगायचं. अंग झटकायचं, थांबायचं, पाठ वाकडी करायचं. घोड्याला राग येतो, वैनी. गाडीला येत न्हाई. गाडी गप सोसती अन् एकदम पालथी व्हती, आमच्यासारखी.

लगीन झालं तिकडं बी मेंढरंच. दोघं भाऊ, माझे मालक थोरले अन् बापू धाकटा. घोडं म्हातारं झालं तवा मालकांनी पिकअप आनली, सेकंडहँडच व्हती. बापूला म्हन्ले शीक, तर तो म्हन्ला मला काय शिकायचं, मला येतंय. मंग मालकांनी मला शिकवलं. लोक हसायचे. मालक म्हनायचे, हसू दे, जी घोडं लादती तीच गाडी लादल, अन् जी लादती तिलाच चालवता आली पायजे. अंबडला नेऊन टेस्ट देववली, लायसन काढलं. साऱ्या भावकीत लायसनवाली मी एकटी. त्याच लायसननं माझा घात केला, ते सांगतेच पुढं.

आता हवेचं सांगते, त्याच्याबिगर कोनाला काही कळायचं न्हाई. डांबरी सडकंवर भरली गाडी असली की मागच्या चाकांत हवा कडक पायजे, पन्नासाच्या पुढं. तीच गाडी ओल्या काळ्या मातीत घातली की कडक चाक सुरीवानी खाली जातं. तिथं हवा सोडायची, पंचविसापस्तोर आनायची, मंग चाक पसरतं, उंटाच्या पायावानी, अन् मातीवर तरंगतं. पन काळीतून वर आलं की तिथंच थांबायचं, अन् पंप मारून हवा परत भरायची. मऊ चाकावर भरली गाडी पळवली की ती डुलती. टायर तापतं, वळनावर चाक खालून निसटाय बघतं. हवा मोजायचं मीटर जुन्या जालन्यातून मालकांनी आनलं व्हतं, ते माझ्या पिशवीतच असायचं. वजनाचं बी तसंच. पान्याचे ड्रम खाली, हौद्यात पुढच्या अंगाला, मागच्या चाकाच्या पुढंच. ड्रम भरला तर गच्च भरायचा न्हाईतर रिकामा न्यायचा. अर्धा ड्रम सगळ्यात वंगाळ, पानी हिकडून तिकडं पळतं अन् गाडीला घेऊन जातं. आन् टपावर जड बिलकुल न्हाई. घोड्याला उंची चालती, त्याला चार पाय अन् अक्कल असती.

तवा देवाच्या पेटीचा परश्न आला. पेटी टपावर एकटी घातली की आदळायची, देवाला धक्के बसायचे. मी ती पुढं शीटवर ठेवाय लागले, माझ्या बाजूला. मालक हसून म्हन्ले, देवाला बी काचंतून रस्ता दिसंल. बापूला ते खपलं न्हाई. देव बायकांच्या मांडीला मांडी लावून बसतो का, म्हन्ला. मालक व्हते तवर तोंडातल्या तोंडात म्हनायचा. मालक गेले अन् त्याचं तोंड उघडलं.

गाडी उलटली त्या साली आम्ही कालव्याच्या खालच्या रानात बसल्तो. अवकाळी आला, रातभर पडला. सकाळी पुढच्या गावच्या शेतकऱ्याचा फोन, जल्दी या, न्हाईतर दुसरा वाडा बसवतो. बापूची घाई सुरू. मी हवा सोडली, गाडी काळीतून वर काढली, कालव्याच्या भरावावर आनून उभी केली. इथपस्तोर मी चालवली, हे लिहा. मंग मी पंप काढाय गेले, तवर बापूनं काय करावं? देवाची पेटी शीटवरून उचलली अन् टपावर बांधली. अन् देवाला धक्का लागू न्हाई म्हनून चारी बाजूंनी वाघरी रचल्या. भिजलेल्या वाघरी, वैनी. कोरडी वाघूर एक बाई उचलती, भिजलेली दोन गड्यांला ऐकत न्हाई. डाव्या अंगाला जेवढ्या उजव्या अंगाला तेवढ्या, बराबर, मायनं शिकवलेलं त्याला बी ठाव व्हतं, तेवढंच ठाव व्हतं. गाडी घोड्यावानी लादली त्यानं.

मी म्हन्लं भाऊजी, वाघरी खाली घ्या, आन् हवा भरू द्या, चाकं मऊ हायेत. तर म्हन्ला बाईनं हवापान्याचं सांगावं न्हाई, इथून सडक किती लांब हाय, तिथं भरू. मी म्हन्लं मंग मी चालवनार न्हाई. मला वाटलं आता ऐकंल. त्यानं हात पुढं केला अन् किल्ली घेतली. मी मागं राहावं का? हौद्यात कोकरं व्हती, दोन-चार दिसांची, पाटीत बांधलेली. मी त्यांला सोडून कुठं जाऊ. बसले बाजूला.

वळनावर गाडी डुलली. मला घोड्याची याद आली, घोडं असतं तर थांबलं असतं. बापूनं स्टेरिंग फिरवलं, टप एका अंगाला गेला, वाघरींनी गाडी वढली अन् भरावावरून खाली. बापू दार उघडून बाहेर पडला, खरचटलं बी न्हाई. मी आत. हात मोडला. कोकरांचा आवाज येत व्हता, मंग कमी आला, मंग आलाच न्हाई. त्याचं मी काही सांगत न्हाई, तुम्ही बी लिहू नका.

दवाखान्यात माझा हात पलस्तरात, अन् हिकडं पोलीस आल्ता. बापूकडं लायसन न्हवतं. भावकी बसली अन् तिनं ठरवलं, मैनानं चालवली म्हना, तिच्याकडं लायसन हाय, घराला झळ बसनार न्हाई. मला इचारलं का? मी शुद्धीवर व्हते, बोलत व्हते, माझं तोंड मोडलं न्हवतं. बोर्डिंगाच्या वेळी इचारलं न्हाई, तसंच. परत आले तर गावात आधीच पसरलेलं, बाईनं गाडी उलटवली, देव पुढं शीटवर बसवायची, देवानं दाखवलं. मला सांगा, देव टपावर बसवला तो मान, अन् त्या मानाखाली आम्ही दबलो तर तो माझा दोष? मी ओरडून सांगितलं, बापू चालवत व्हता. लोक म्हनायचे, बिचारीला धक्का बसलाय. पोरं सोरं मागून म्हनायची, उलटी मैना, उलटी मैना. किल्ली बापूच्या पोराकडं गेली. मला वाड्यावर न्यायचं बंद केलं, घरी राहा, तुमचं वय झालं. ज्या बाईनं सारी उमर चालून काढली तिला ओट्यावर बसवलं. राग येनार न्हाई तर काय येनार, वैनी?

आता ह्या साली काय झालं ते ऐका. सुनीता, बापूची सून, तिचा फोन आला. अंतरवालीकडच्या रानात गाडी रुतली, आत्याबाई तुम्ही या. मी म्हन्लं तुझ्या सासऱ्याला इचारलं का. म्हन्ली, इचारत बसले तर कोकरं मरत्यात, उन्हात गाडीत हायेत. कोकरांचं नाव काढलं तिनं. गेले, शेजाऱ्याच्या फटफटीवर बसून गेले.

बघते तर गडी ढकलून राह्यले, बापूचं पोरगं रेस देऊन राह्यलं, चाक तिथंच फिरून खड्डा करतंय, गाडी पार चाकाच्या दांड्यापस्तोर बुडालेली. अन् बापू बांधावर बसल्याला, म्हातारा झालाय, दात गेलेत, पन मला बघून म्हन्ला, आली बघा उलटी मैना, आता सरळ करंल. चार जन हसले. मी तिकडं बघितलं न्हाई. आधी कोकरं खाली काढली, सावलीत घातली. सामान काढाय लावलं, टपावरनं सगळं. हवा सोडली. चाकाम्होरची माती काढली, बांधावरच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आनून चाकाखाली दाबल्या. बसले अन् दुसऱ्या गिअरवर, घाई न्हाई, रेस न्हाई, घोड्याला चुचकारल्यावानी काढली. वर रस्त्याला आनली अन् बंद केली.

सामान लादाय लागले ते जड ते खाली. बापू उठला, म्हन्ला चला आता, जल्दी हाय. तेच शब्द, वैनी. तेच. हवा सडकंला भरू, म्हन्ला.

मी किल्ली मुठीत धरली. साऱ्यांच्या म्होरं, त्याच्या सुनंच्या म्होरं, त्याच्या पोराच्या म्होरं म्हन्लं:

“भाऊजी, त्या दिशी गाडी कोन चालवत व्हतं?”

ते पोरगं बापाकडं बघाय लागलं. बापूनं माझ्याकडं न्हाई, चाकाकडं बघितलं. मऊ चाक व्हतं, दिसत व्हतं. लई वेळ बघितलं. मंग वाकला, पंप उचलला, अन् लागला हवा भराय. पोरगं म्हन्लं, द्या दादा मी मारतो. त्यानं दिला न्हाई. छातीचा भाता हालत व्हता, तरी मारत व्हता. एक चाक झालं की मी मीटर लावायची, म्हनायची, आनिक. तो आनिक मारायचा. चारी चाकं त्यानंच भरली.

तुम्ही म्हनाल यातच आलं सगळं. न्हाई आलं. हवा भरली म्हंजी जबाब दिला का? ज्या गावात मला उलटी म्हन्ले त्या गावात त्यानं सरळ तोंडानं सांगावं, मंग माझं मन भरंल. तो सांगनार न्हाई, मरंल पन सांगनार न्हाई, अन् माझा राग बी माझ्याबरुबरच जाईल. जाऊ द्या. किल्ली मी परत दिली न्हाई. देवाची पेटी उचलून पुढं ठेवली, सुनीताच्या मांडीवर.

नातवंडांला सांगा, हसले त्याचं काही न्हाई, लेकरं हायेत, लांब हायेत. जिथं हायेत तिथं सुखी राहू द्या. पन गाडीत बसायच्या आधी खाली वाकून चाक बघत जा म्हनावं. अन् कोनी काही सांगितलं तर इचारत जा, तुम्ही व्हते का तिथं.

हे सगळं मी तिला परत वाचून दाखवलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली: दोन ठिकाणी बापूला मी ‘ते’ लिहिलं होतं, तिथे ‘तो’ करायला लावलं.

ग्रुपवरचा फोटो मी काढायला सांगितला, अजून कुणी काढलेला नाही. गावात तिला अजूनही त्याच नावाने हाक मारतात. गाडी मात्र चालू आहे. हवेचं मीटर तिच्या दाराच्या खिळ्याला टांगलेलं असतं, सुनीता वाड्यावर निघायच्या आधी ते आणि किल्ली मागायला येते, आणि वाडा परतला की दोन्ही तिच्याकडेच परत येतात.