हळू की भराभर

नवऱ्याला लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर आहे हे शिंपीणबाईंना कळलं होतं. कोणत्या पेशींचा, ते आजच्या रिपोर्टात कळणार होतं. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारी दोन जुने पेशंट बोलत होते, एक मास्तर आणि एक ड्रायव्हर.

"तू अजून आहेस?"

"आहे की, मास्तर. आज तर सुट्टीच मिळाली. स्कॅन स्वच्छ आला."

"अरे, पण तुझ्या पेशी घोड्यावर बसून आल्या होत्या ना?"

"म्हणून तर सापडल्या! डॉक्टर म्हणाले, तुझ्या भराभर वाढतात, म्हणून औषधही भराभर लागू पडलं. तुमच्या?"

"माझ्या गरीब स्वभावाच्या, हळूहळू वाढणाऱ्या. ऐकून हसत घरी गेलो होतो मी."

"मग?"

"मग काय! म्हणे, आत्ता औषध नको, नुसतं लक्ष ठेवू. पंधरा वर्षंही जगाल, पण त्या काही जायच्या नाहीत."

"आणि माझ्या रिपोर्टाच्या दिवशी माझा हात धरून तुम्हीच रडला होता."

"रडलो काय, तुझ्या शोकसभेचं भाषणही लिहून ठेवलं होतं. दोन पानी."

"आणा की एकदा! घरचे कधी चांगलं बोलत नाहीत."

खिडकीतून हाक आली. शिंपीणबाई पाकीट घेऊन परतल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"ताई, उघडा ना," ड्रायव्हर म्हणाला.

"उघडते हो. सकाळपासून देवाला विनवतेय, हळू वाढणाऱ्या असू देत म्हणून. आता काय मागू, ते आधी तुम्ही दोघं ठरवा."