सोडलेला मासा

आमच्या डॉक्टरसाहेबांचं सांगतो. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते मुंबईहून बदलून आले, मी त्यांचा कंपाउंडर. गुरांचे डॉक्टर, अन् नाद समुद्रात गळ टाकून माणसाएवढे मासे धरायचा. इथं दुष्काळानं तळ्यात चिखलसुद्धा ठेवला नव्हता. मग देवणीच्या चारा छावणीत गुरांना सुई टोचून झाली, की साहेब जीपला टेकून फोटो दाखवायचे.

"तीन तास झुंजला हा. पण आम्ही मारत नाही, सोडून देतो. मासे टिकले पाहिजेत!"

बैलवाले धोंडिबामामा फोटो न्याहाळत म्हणाले, "सोडल्यावर रवंथ केला का?"

साहेब पोट धरून हसले. "मामा, मासा कुठं रवंथ करतो?"

"न्हाई करत? आमचा बैल तीन तास ऊर फुटोस्तवर पळाला, तर रवंथ करोस्तवर आमी त्याच्यापासून हलत न्हाई. तुमी किती येळ थांबलात?"

"तो लगेच खोल गेला. दिसतो कुठं?"

"मग जगला, हे कुणी बघितलं?"

साहेबांनी फोटो खिशात घातला. त्या दिवशी सुई टोचलेली शेवटची गाय रवंथ करेपर्यंत आमची जीप जागची हलली नाही.