घड्याळवाल्याला बसवायचं कुठे?

...नाही, पण मी म्हणतो, माणसाला एक खोली द्यायला इतकं काय लागतं हो? तुम्हाला सांगतो, छप्पन साली प्रांत मोडले, आमची कचेरी नागपूरहून उचलून भोपाळला आणली, टेबलं आली, कपाटं आली, मीही आलो, आणि सिंधू, आमची मंडळी, मागे राहिली. "क्वार्टर मिळालं की येते." आता चौसष्ट उजाडलं! मी अजून जहांगीराबादेत परक्यांच्या खोलीत. का? तर मी कचेरीतल्या घड्याळांना किल्ली देतो. नागपूरला तशी जागा होती, इथं नाही. इथं ज्याला त्याला 'खाँ' म्हणायची रीत, तसे मोठे बाबू म्हणतात, "अरे खाँ, चपरासी आप हो नहीं, कारीगर भी नहीं... बिठाएँ कहाँ?" क्वार्टर दर्जावर, आणि मला दर्जाच नाही. बसवायचं कुठे?

तर परवा सिंधूचा भाचा अच्युत आला. दुर्बिणीवर काम करतो. म्हटलं, बाबा, तू करतोस तरी काय? तो सुरूच! "आतोबा, दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं भलंमोठं गाव. काहींचा मधला गाभाच असा धगधगतो की अख्खं गाव फिकं पडतं! त्याचा उजेड लोलकातून रंगारंगांत फाकवायचा, त्यातल्या रेषा रुंद की बारीक ते बघायचं, प्रकार ठरवायचा. पण काही विक्षिप्त निघतात. दिसायला तारा, पण इतक्या लांब की तारा असणं शक्यच नाही... बसवायचं कुठे?"

अहो, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं! आकाशातही आपलं कुणी आहे म्हणायचं! म्हटलं, चल, हेच बाबूंना सांग.

बाबू ऐकता ऐकता खुर्चीतून उठले. "वाह! फिर आप लोग करते क्या हो?"

अच्युत म्हणाला, "पुराने खाने में ठूँसते नहीं जी. अलग रखते हैं. वैसे और मिल जाएँ, तब नया वर्ग बनाते हैं."

काय तो बाबूंचा चेहरा उजळला...! आठ वर्षांत पहिल्यांदा माझं काम हललं. त्याच दुपारी मला वेगळं काढलं. सगळ्या जुन्या खान्यांतून नाव कमी, म्हणजे क्वार्टरच्या रांगेतूनही! "अब फिक्र मत करो, खाँ! आप जैसा एक और मिल जाए, नया वर्ग बना देंगे, फिर क्वार्टर!"

अच्युतचं तोंड एवढंसं झालं. "आतोबा, आमच्याकडे तरी सापडतायत हो एकामागून एक..." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोराचं काय चुकलं? आकाश मोठं आहे. भोपाळात घड्याळं किती असणार?

म्हणून विचारतो, तुमच्यात कुणी आहे का सरकारी घड्याळांना किल्ली देणारा? ...मागे कुणी? ...नाही? बरं, राहू द्या. सिंधूला कळवून टाकतो, पावसाच्या आत नागपूरच्या घराची कौलं परतून घे म्हणून.