खांद्यावरचा म्हातारा

मला राग येत नाही म्हणता ना? मग जर्मनीत झिंडेलफिंगेनला मुलाकडं, प्रशांतकडं गेलो होतो तेव्हाचं ऐका.

एस-बान, म्हणजे तिथली लोकल, आली. प्रशांतनं मला धरून चढवलं, नातीला चढवलं, आणि दार लागलं. सूनबाई बॅगांसकट फलाटावरच!

"येईल ती पुढच्या गाडीनं," म्हणत यानं मोबाइल काढला.

नात भडकली. "क्रेउसा!"

"कोण गं ही?"

"शाळेत ग्रीक-रोमन गोष्टी आहेत, आजोबा. शहर जळत होतं. नवऱ्यानं बापाला खांद्यावर घेतलं, मुलाचा हात धरला आणि बायकोला म्हणाला, तू मागून ये. ती क्रेउसा हरवली. दुसरी एक क्रेउसा नवरी होती. ती विषारी झगा घालून जळाली. टीचर म्हणतात, या छोट्या बायका आहेत, त्यांच्यात गोंधळ झाला तरी चालतं."

"चालतं? जळालेलीला हरवलेली म्हटलं तरी चालतं?"

"बाबा, गोष्ट आहे हो," प्रशांत म्हणाला.

"फलाटावर आहे ती गोष्ट नाही, तुझी बायको आहे! आणि तो खांद्यावरचा म्हातारा गप्प कसा बसला रे? मी नाही बसणार."

पुढच्या स्टेशनला मी उतरलोच. "आल्झो, बाबा, तुमचे गुडघे!" असं अर्धं जर्मन, अर्धं मराठी करत तोही नातीला घेऊन मागं उतरला.

"तिला फोन कर. इथं उतर म्हणावं."

सूनबाई आली ती घाबरूनच. "अहो बाबा, तुम्ही इथं का थांबलात?"

"तू पुढं चाल, पोरी," मी म्हटलं. "बॅगा घेऊन हा येईल मागनं."