कोळसा खाणारी मोटार

मी म्हसवडकडची, धनगराची. चाऱ्यामागं मेंढरं घिऊन फिरायचं, त्यात शाळा झाली ती दुसरीपतुर. पुढं दुष्काळात मेंढरं गेली, आय गेली, आन मी हिकडं आष्ट्याला ऊसवाल्या वैनींच्या घरात कामाला आले. लय माया केली त्यांनी, खोटं कशाला बोलू. तरी मनात सदा धाकधूक, कवा घालवतील काय म्हाईत.

त्यांची इंदू तवा लहान. बाप लढाईवर गेलेला, जाताना सांगून गेला, पोरगी सांगलीच्या शाळंत शिकली पायजे. पर पोरगी सांगलीच्या पाशिंजर मोटारीत पाय ठिवंना. लढाईमुळं पेट्रोल न्हवतं, काय सांगू तुमाला, मोटारीच्या मागं ही एवढी लोखंडी भट्टी, तिच्यात कोळसा घालायचा, हातानं पंखा फिरवायचा, मग ती घुरघुरायची. इंदू म्हणायची, अक्का, ती मला खानार. वैनी म्हणाल्या, सगुणे, तू संगं जा, आन पोरगी न्हाईच बसली तर शाळा बंद, मग तुझं तरी हितं काय काम गं? हसत म्हणाल्या, पर मी तवाच पोरीला घिऊन मोटारीच्या अड्ड्यावर गेले.

मला मेंढरांतलं तेवढं ठावं. आमच्यात नवं माणूस आलं की कळपाच्या कुत्र्याला त्याच्या हातनं भाकरी घालत्यात, मग ते अंगावर येत न्हाई. मी दादू डायवरला म्हणलं, आवं दादा, पयला कोळसा पोरीला घालू द्या. दादू म्हणला, बया, मोटार हाय ही, भुंकाय लागली तर सांग मला. सगळी हसली, रडता रडता इंदू बी हसली. मी तिचा हात धरला, तिनं भट्टीत कोळशाचा खडा टाकला आन म्हणली, खा, मी इंदू. आन बसली की वो! मग रोजच तसं. पुढं पुढं तर भट्टीजवळचीच जागा धरायची.

मग एकदा तिला ताप आला. मी कपाळावर पट्टी ठिवतीया, तर पोरगी ताडकन उठून बसली, म्हणली, अक्का, ती उपाशी हाय. अड्डा लांब, घरातनं ना दिसत, ना ऐकू येत. घडीभरानं दादू दारात, घामानं भिजलेला. भट्टी लालबुंद झालीया म्हणला, पाशिंजरांनी ढकलून बी बघितलं, इंजान बोलंना. बाई, पोरीच्या हातचा एक खडा द्या. वैनी म्हणाल्या, खुळा का काय तू? पर इंदूनं आपला हात पुढं केला, मी पाटीतला कोळसा त्यावर ठिवला. दादूनं खडा फडक्यात बांधून नेला. आन थोड्या येळानं, इतक्या लांबनं, आमच्या सोप्यात घुरघुर आली. इंदू निजली. ताप उतरला.

आता पेट्रोल आलंय. भट्टी काढून भंगारात घातली. इंदू एकटी जाती सांगलीला, कुठल्या बी मोटारीत बसती.

पर ज्या दिशी भट्टी काढली, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चूल पेटवत हुते, इंदू आली, पाटीतला कोळसा उचलून चुलीत टाकला, व्हट हालले. चुलीत लाकडं हुती, वारा न्हवता, आन चूल घुरघुरली. तवापासनं रोज. वैनींना मी बोलले न्हाई. त्या चुलीवर मीच रांधते, पयली भाकरी जळून खाक हुती, तवा दुसरी थापते. कुठं जाऊ मी? ह्या घरानं मला जेवू घातलंय, आता ह्याच घरात आणखी एक जेवणारं हाय म्हणायचं. पोरगी शिकतीया, देव तिला लय आयुक्ष देवो.