दत्ताचा पेपर आन् दारावर मी

मूळ गाव आमचं करमाळ्याच्या अंगाला. बाप गवंडी. त्येच्यासंगं परांची बांधत बांधत मी मोठा झालो, आन् त्येच काम मला कतारला घिऊन आलं. हितं त्येला स्कॅफोल्डिंग म्हणत्यात. वर्ल्ड कप यायचा म्हणून स्टेडियमं उठाय लागली तवा आलो, मी आन् दत्ता. दत्ता म्हंजी माझ्याच आळीतला, माझ्याच वर्गातला. बारावीला इंग्रजीचा पेपर त्येनं माझं बघून लिवला, ह्ये आधीच सांगून ठिवतो, म्हंजी पुढचं तुम्हाला नीट कळंल.

बरवा अल बराहाला, म्हंजी दोहाच्या कामगार वस्तीत, एका खोलीत आम्ही चौघं. तर एक दिवस दत्ता म्हणला, मी डिग्री करतोय, अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजची, मोबाईलवरच, दोन वर्सात हातात. मी म्हणलं कशाची, तर म्हणला जनरल स्टडीज. म्हंजी थोडा इतिहास, थोडं इंग्रजी, थोडं मानसशास्त्र, सगळ्यातलं थोडं थोडं. मी म्हणलं ही डिग्री हाय का भेळ. सगळी हसली, त्यो बी हसला, आन् बसला की वाचत. ड्यूटीच्या बसमधी वाच, शिफ्ट बदलली तर धडा सकाळी बघ, कवा बी कर, त्या कॉलेजाचं काय म्हणणंच न्हाई. मी जळत व्हतो. खोटं कशाला बोलू, आतनं नुसता जळत व्हतो.

आन् जळायला कारण एकच, माझी पोरगी स्वाती. तवा ती अकरावीला. दर शुक्रवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा, बाबा जेवला का, बरं हाय का, एवढं झालं की म्हणायची दत्ताकाकांकडं द्या. मग त्या दोघांचं चालायचं, इंग्रजीत ह्ये कसं, मानसशास्त्रात त्ये काय. फोन माझा, पोरगी माझी, आन् मी आपला सैपाकाला कांदा चिरत बसायचो.

त्येच्या पेपरची तर तऱ्हाच न्यारी. कॅमेऱ्यापुढं बसायचं, आधी सगळी खोली फिरवून दाखवायची, खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर खलास. शेवटचा पेपर आला शुक्रवारी दुपारी, ऐन उन्हाळ्यात. दत्ता म्हणला शंकऱ्या, तू दारावर थांब, पोरं तुझंच ऐकत्यात. थांबलो. घाम नुसता ओघळतोय, कुणी बादली मागायला आला त्येला हाकल, कुणी मीठ मागायला आला त्येला गप कर. आन् आत बघायला माझा पेपर न्हाई, तरी गडी लिवतोय.

एवढ्यात स्वातीचा फोन. बरं वाटलं, म्हणलं आज तरी पोरगी माझ्या एकट्याची हाय. तर पयला सवाल, काकांचा पेपर कसा चाललाय. मी म्हणलं अगं, तुझा बाप हितं उकाड्यात उभा हाय. तर म्हणली, मग बाबा, मोठ्यानं बोलू नका ना, काकांना आत ऐकू जाईल. आन् ठिवला तिनं फोन.

काय सांगू तुम्हाला, वाटलं एक लाथ घालावी त्या दाराला आन् आत जाऊन उभं ऱ्हावं कॅमेऱ्यापुढं. पाय उचलला बी व्हता. तेवढ्यात जुम्म्याचा नमाज पढून पोरं खिदळत जिन्यानं वर आली, आन् माझाच हात वर गेला, गप रे, आत पेपर हाय.

पास झाला त्यो. साइटवरनं उचलून ऑफिसात बसवला, हजेरी बघायला. मी हाय तिथंच हाय, वर पाइप आवळतोय. स्टेडियम आता पुरं व्हत आलंय. स्वाती कॉलेजात गेली, आन् आता तिचा फोन सरळ दत्ताच्याच मोबाईलवर येतो, मग त्यो म्हणतो घे, बाबाशी बोल. मी फोन घेतो आन् इचारतो, जेवलीस का. मला दुसरं काय इचारायलाच येत न्हाई. गेल्या शुक्रवारी हिय्या करून म्हणलं, मानसशास्त्रात काय चाललंय तुझं. पोरगी हसली, म्हणली, काकांनी शिकवून पाठवलं का.

त्येचं वाईट कशाला चिंतू मी. देवानं त्येला भरभरून द्यावं. त्येला दोन पोरगे हायतच, आता एक लेक बी द्यावी, म्हंजी माझी माझ्याकडं येईल, इन्शाल्ला.