आईच्या पायाचं माप

गाडी वीतभर उंच झाली की मित्रांत आपली मानही वीतभर उंच होईल, एवढाच भावाचा हिशेब होता. वर्कशॉपच्या बाकड्यावर टायरची वाट बघणाऱ्या टॅक्सीवाल्याला शेजारच्या बहीणभावाचं बोलणं नीट ऐकू येत होतं.

"ताई, सस्पेन्शन बनवण्यात या मिस्त्रींचा हात कुणी धरणार नाही. मी आधी इथेच आलो होतो."

"मग माशी कुठे शिंकली?"

"मिस्त्रींनी गाडीला हातच लावला नाही. विचारलं, बसतं कोण? म्हटलं, मित्र आणि आई. तर म्हणाले, आईला आण, तिचा पाय किती वर उचलतो ते आधी मोजतो."

"आणि तू?"

"मला वाटलं, टिंगल करताहेत. दुसरीकडून उंच करून घेतली."

"शहाणाच आहेस! म्हणून आई फोनवर म्हणायची, मला कुठे जायचंच नाही!"

"मी स्टूल ठेवलं होतं गं."

"भर रस्त्यात स्टुलावर चढेल ती?"

मिस्त्री टेप घेऊन बाहेर आले. "आणलंस आईला?"

"ती आता पलंगावरून उठत नाही, मिस्त्री. तरी गाडी खाली घ्या."

"मग माप कुणाचं घेऊ रे?"

ताईच म्हणाली, "वर्षभर याचे मित्र फिरले, मिस्त्री. भाडं आईनं भरलं, घरच्या खिडकीत बसून."